खुराड्याची उतरण

परसात कोंबड्या पाळणारा गृहस्थ मुंगूस, साप आणि पावसाळी ओल यांपासून त्यांचा बचाव व्हावा म्हणून खुराडे जमिनीपासून 2 फूट उंच खांबांवर उभारतो, ही तजवीज सर्वथा योग्य असली, तरी त्या उंचीवरून उतरणाऱ्या पक्ष्याच्या पायांचा विचार तो क्वचितच करतो. गिरिराजासारखी वजनदार कोंबडी कठीण जमिनीवर रोज उडी घेऊ लागली, की तिच्या तळव्याला इजा होते, जखमेतून जंतूंचा शिरकाव होऊन तळवा सुजतो, आणि तो मुका जीव लंगडत, वेदना सोशीत दिवस कंठतो. हे दुःख एका फळीने टळण्यासारखे असल्यामुळे तिच्याविषयी तपशिलाने लिहिणे मला अगत्याचे वाटते.

उतार 30 अंशांच्या आसपास असावा, म्हणजे उंचीच्या दुप्पट, 4 फूट लांबीची फळी घ्यावी; रुंदी 1 फूट पुरे. गुळगुळीत फळीवर, विशेषतः कोकणातील आषाढात तिने शेवाळ धरल्यावर, नखांना आधार मिळत नाही; यास्तव अर्धा-पाऊण इंच जाडीच्या आडव्या पट्ट्या 5-6 इंचांच्या अंतराने ठोकाव्यात, त्यांच्या कडा रंध्याने गोल कराव्यात, आणि एकही खिळा वर डोकावणार नाही याची खबरदारी घ्यावी. खालचे टोक मातीऐवजी जांभ्याच्या चिऱ्यावर टेकवल्यास लाकूड लवकर कुजत नाही. वरचे टोक बिजागऱ्यांनी जोडले, तर रात्री तीच फळी उचलून दाराचा बंदोबस्तही होतो.

नव्या फळीला कोंबड्या प्रथम बुजतात. त्यांना हुसकावू नये. फळीवर चार दाणे टाकून धीर धरावा.