एक मूर्ती, दोन देवळे आणि पेट्रीचे जाळे

आमच्या अणदूरचा खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात असतो. देवळे दोन, मूर्ती एकच. ती नेण्या-आणण्यासाठी दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. ही रीत आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. पण ती आकृतीत मांडायला बसलो, तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली.

गुंतागुंतीचे व्यवहार रेखाटण्यासाठी ठरावीक चिन्हांच्या प्रमाण भाषा आहेत. बूच, रम्बॉ आणि जेकबसन यांच्या कामातून उभी राहिलेली यूएमएल १९९७ साली प्रमाण ठरली. संगणकवाल्यांना ती परिचित आहे. मला मात्र तिच्याहून जुनी भाषा जवळची वाटते. कार्ल अ‍ॅडम पेट्री या जर्मन अभ्यासकाने १९६२ च्या प्रबंधात तिचा पाया घातला. तिच्यात वर्तुळ म्हणजे स्थिती, दांडी म्हणजे घटना, आणि वर्तुळातला ठिपका म्हणजे ‘आत्ता असे आहे’. बाण या दोहोंना जोडतात. दांडीकडे बाण येणाऱ्या प्रत्येक वर्तुळात ठिपका असेल तरच घटना घडते. घडली की ते ठिपके संपतात आणि पुढच्या वर्तुळांत नवे उमटतात. व्याकरण एवढेच.

मी ‘अणदूर’, ‘नळदुर्ग’ आणि ‘करार’ अशी तीन वर्तुळे काढली. करार एकदा झाला की झाला, असे धरून त्याचा ठिपका कायम ठेवला. तपासताना दिसले, की या चित्राप्रमाणे देव नळदुर्गात पोचताच त्याच कागदावर माघारी निघू शकतो! जाण्याचा करार जाण्यानेच संपायला हवा, येण्याचा वेगळा हवा. गावात हे कुणाला सांगावे लागत नाही; आकृतीला सांगावे लागते. शिवाय प्रवासात मूर्ती कुठल्याच देवळात नसते, म्हणून ‘जाताना वाटेवर’ आणि ‘येताना वाटेवर’ अशी आणखी दोन वर्तुळे आली.

आता दोन देवळे आणि दोन वाटा यांतल्या ठिपक्यांची बेरीज केव्हाही एकच येते, आणि ते गणिताने सिद्ध करता येते. रेल्वेचा एक बर्थ दोन खिडक्यांवर दोघांना विकला जाणार नाही ना, हेही अशाच बेरजेने तपासता येते.

सव्वादहा आणि पावणेदोन महिने मात्र या चित्रात कुठेच नाहीत. पेट्रीच्या मूळ जाळ्यात काळ मोजायची सोय नव्हती, ती पुढच्या अभ्यासकांनी जोडली. ती मी अजून शिकतोच आहे. तोवर माझ्या कागदावर महिने वर्तुळांशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत.