राउटर अडकला तर देवरीला कोण जाणार?

रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की निदान बिघाड कुठे आहे ते कळते. जोड मारणारी माणसे येतात, लाइन सुरू होते. दुसऱ्या जातीचा बिघाड जास्त छळतो. उपकरण चालू असते, दिवे लुकलुकत असतात, केबल शाबूत असते. पण फर्मवेअर बदलताना किंवा नवी आज्ञा देताना काहीतरी चुकलेले असते आणि राउटर कोणालाच ओळख देत नाही. जो इंजिनियर ते दोन मिनिटांत सुधारू शकतो तो नागपुरात किंवा मुंबईत बसलेला असतो. त्याला राउटरपर्यंत पोचायचे तर वाट त्याच राउटरमधून जाते. गोंदियासारख्या जिल्ह्यात या बिघाडाची किंमत किलोमीटरमध्ये मोजावी लागते. भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे आठ तालुके. देवरी मुंबई-कोलकाता महामार्गावर छत्तीसगडच्या तोंडाशी, सालेकसा हावडा रेल्वेमार्गाच्या जंगलपट्ट्यात, अर्जुनी मोरगाव दक्षिणेला बल्लारशाच्या रेल्वेलाइनवर. केंद्र सरकारच्या भारतनेट योजनेच्या मूळ आराखड्यात ग्रामपंचायतींना फायबरने जोडणारे मुख्य उपकरण, म्हणजे ओएलटी, तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्येच ठेवायचे होते. ते गप्प झाले की त्याच्यामागची सगळी गावे गप्प होतात.

यावरचा उपाय जुना आहे आणि दिसायला अगदीच साधा. जवळजवळ प्रत्येक राउटर, स्विच आणि ओएलटीला कन्सोल नावाचे एक पोर्ट असते. त्याला आयपी पत्ता लागत नाही, नेटवर्क लागत नाही; आरएस-२३२ या साठच्या दशकातल्या मानकावर ते चालते. सिस्कोच्या राउटरसोबत वर्षानुवर्षे एक चपटी फिकट निळी केबल येत असे, ती याच पोर्टची. तिच्या आठ तारा एका टोकाला जशा असतात त्याच्या बरोबर उलट क्रमाने दुसऱ्या टोकाला जोडलेल्या असतात. प्लग लॅनच्या प्लगसारखाच दिसतो, त्यामुळे नवखा माणूस ती हमखास लॅनच्या पोर्टात खुपसतो आणि काहीच का होत नाही म्हणून बघत बसतो. वेग बहुधा ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा भरायला दोन सेकंद. तीस एमबीची फाइल याच वाटेने चढवायची म्हटली तर नऊ तास लागतील; त्या कामाचे हे पोर्टच नव्हे. पण फर्मवेअर बिघडून राउटर अर्ध्यावर थांबला असेल, तेव्हा तो बोलतो तो फक्त इथूनच. कन्सोल सर्व्हर म्हणजे अशी आठ, सोळा किंवा अठ्ठेचाळीस पोर्टे एकाच पेटीत आणून ती दुरून उघडता येतील अशी केलेली सोय. रॅकमध्ये ही पेटी एक यू, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंची व्यापते.

माहितीपत्रकात ही पेटी पोर्टांच्या संख्येवर विकली जाते. तालुक्याच्या ठिकाणी ही संख्या सर्वांत शेवटी बघावी, असे माझे मत आहे. तिथल्या रॅकमध्ये कन्सोलची उपकरणे असून असून किती असणार? चार, फार तर आठ. खरा प्रश्न वेगळा आहे: मुख्य व्यवस्था ज्या कारणाने बंद पडते त्याच कारणाने ही पेटीही बंद पडते का? पडत असेल तर अठ्ठेचाळीस पोर्टे काय कामाची?

कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचे नेटवर्क ८ जुलै २०२२ रोजी कोसळले तेव्हा एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली. एका राउटरमधली गाळणी काढली गेली, मार्गांची माहिती पुरासारखी मुख्य राउटरांवर आदळली आणि ते बसले. देखभालीचे नेटवर्क त्याच मुख्य नेटवर्कवर उभे होते, कर्मचाऱ्यांचे फोनही त्याच कंपनीचे. मूळ कारण हाती यायला १४ तास गेले. त्याआधी, ४ ऑक्टोबर २०२१ ला, फेसबुक सुमारे सहा तास बंद होते. तिथे देखभालीची वेगळी वाट होती. तीही त्याच वेळी पडली आणि इंजिनियरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये धाडावे लागले. मागचे दार असले तरी ते त्याच गल्लीत उघडत असेल तर उपयोग नाही, हे जगातल्या श्रीमंत कंपन्यांनाही महागात पडून कळले.

म्हणून पहिली गोष्ट सिमची. चांगल्या कन्सोल सर्व्हरमध्ये दोन इथरनेट पोर्टांबरोबर एलटीई मोडेम असतो आणि दोन सिमची जागा. इथे एक रास्त आक्षेप येतो: मोबाइल टॉवरही शेवटी त्याच फायबरवर चालत असेल तर? असू शकतो. म्हणूनच दोन सिम वेगवेगळ्या कंपन्यांची घ्यावीत आणि त्या टॉवरांची पुढची वाट कुठून जाते हे आधी विचारून घ्यावे. लोखंडी कपाटात सिग्नल मरतो, तेव्हा अँटेना बाहेर काढण्याची सोय हवी. आपल्याकडे मोबाइल डेटावर स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता सहसा मिळत नाही. त्यामुळे पेटीनेच केंद्राकडे व्हीपीएन जोडून ठेवले पाहिजे. बाहेरून तिला हाक मारायला गेलात तर ती सापडणार नाही.

दुसरी गोष्ट विजेची. एक्स्चेंजमधली उपकरणे उणे ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. कन्सोल सर्व्हर मात्र साध्या भिंतीवरच्या सॉकेटात लावलेला असेल, तर दिवे गेले की आधी तोच झोपणार. डीसी पुरवठ्याचे, शक्यतो दोन पुरवठे घेणारे मॉडेल घ्यावे. उन्हाळ्याचाही संबंध इथेच येतो. वीज गेल्यावर बॅटरी उपकरणे चालवते, एसी चालवत नाही. बाहेर पंचेचाळीसच्या पुढे पारा असताना बंद खोली तापायला वेळ लागत नाही आणि कार्यालयासाठी बनवलेल्या बऱ्याच पेट्यांची हमी चाळीस किंवा पन्नास अंशांवर संपते. पंखा नसलेली, सत्तर अंशांपर्यंत टिकणारी औद्योगिक बनावट इथे चैन नाही. तापमानाचा आणि दाराचा सेन्सर जोडता येत असेल तर उपकरण बंद पडण्याआधीच खोली सांगते की मी तापले आहे.

काही खुबी माहितीपत्रकाच्या तळाशी, बारीक अक्षरांत असतात. त्यांतली एक म्हणजे ब्रेक संकेत. सिरियल वाहिनी एका अक्षराला लागतो त्याहून जास्त वेळ शून्याच्या पातळीवर धरली की समोरचे यंत्र त्याला ब्रेक समजते. जुने सन कंपनीचे सर्व्हर असा ब्रेक मिळाला की चालू काम सोडून थेट ओके प्रॉम्प्टवर जाऊन थांबत. कन्सोल सर्व्हर बंद-चालू होताना त्याच्या पोर्टांतून असा खोटा ब्रेक गेला तर वाचवायला आणलेली पेटीच घात करते. म्हणून असा ब्रेक न सोडणारी बनावट मागून घ्यावी. दुसरी खुबी नोंदींची. राउटर कोसळताना शेवटच्या ओळी कन्सोलवरच छापतो. त्या साठवणारी मेमरी पेटीत असेल तर कारण सापडते, नसेल तर नुसते रीस्टार्ट करून प्रार्थना करायची. आणि रीस्टार्ट करायलाही कन्सोल एकटा पुरत नाही: पार गोठलेल्या राउटरची वीज दुरून तोडून जोडणारी पॉवर पट्टी त्याच पेटीला जोडलेली हवी. या भागातल्या विजांचा विचार करता दोन वेगळ्या पुरवठ्यांवरच्या उपकरणांमधली तांब्याची सिरियल केबल विद्युतदृष्ट्या विलग केलेली असणेही बरे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित भारतनेटमध्ये तालुका आणि ग्रामपंचायती रिंगने जोडायच्या आहेत. एक बाजू तुटली तर वाहतूक दुसरीकडून वळेल. मग ही पेटी कशाला? कारण रिंग केबल तुटण्यापासून वाचवते, चुकीच्या आज्ञेपासून नाही. चूक राउटरच्या आतच असेल तर दोन्ही बाजूंच्या वाटा एकाच मुक्या यंत्रापाशी येऊन संपतात. ‘तिथला माणूस लॅपटॉप लावेल’ हे उत्तरही तोकडे आहे. आजच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसते. यूएसबीचा अडॅप्टर, त्याचा ड्रायव्हर, योग्य केबल आणि रात्री अकरा वाजता किल्ली जवळ असलेला माणूस, हे सगळे एकाच वेळी जुळून यावे लागते.

सुरक्षेची शंका मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. कन्सोल हाती आला की संपूर्ण उपकरण हाती येते. एखाद्याने काम संपवून लॉगआउट न करता जोडणी तोडली, तर पुढच्याला पासवर्डशिवाय आत शिरता येते. सिस्कोवर ते सत्र आपोआप मिटायला नेहमीच्या मांडणीत दहा मिनिटे लागतात. तेव्हा टेलनेट बंद, पोर्टागणिक वेगळी परवानगी, कोणी काय टंकले त्याची नोंद, आणि जोडणी तुटताच सत्र मिटवणारी सिरियल वाहिनी, एवढे निविदेत लिहून घ्यावे.

निविदेत आणखी एक कलम हवे, ते कोणी लिहीत नाही. दर तिमाहीला मुख्य लाइन मुद्दाम काढून, फक्त सिमवरून त्या पेटीत शिरून दाखवायचे. एरवी पडून राहिलेले सिम नव्वद दिवस वापर नसला की कंपनी बंद करू शकते. आणि त्या सिमचे दरमहाचे रिचार्ज कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचे, हे खरेदीच्या फायलीतच ठरवून घ्यावे. लाखाची पेटी दोन-तीनशे रुपयांसाठी मुकी व्हायची नसेल तर.