जुन्या पिकअपचा 'बद्द' आवाज : गिरगाव-लालबागच्या बेंजोच्या संदर्भात

प्रस्तावना

गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत गिरगाव, परळ, लालबाग या भागांत ज्या वाद्यास 'बेंजो' म्हटले जाते, त्याचा अमेरिकन बँजोशी नावापुरताच संबंध आहे. हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग होय. त्याचे मूळ जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ साली तयार केलेल्या 'ताइशोगोतो' या वाद्यात आहे. टंकलेखन यंत्रासारख्या कळा व पोलादी तारा असलेल्या या घरगुती वाद्यास विद्युतगिटारचा पिकअप जोडला गेला आणि ते ढोल-ताशांच्या गजरातही ऐकू जाऊ लागले. रवी जाधव यांच्या 'बँजो' (२०१६) या हिंदी चित्रपटाचा विषय हेच वादक होते.

जुन्या पिकअपविषयी वादकांची नेहमीची तक्रार अशी की, आवाज खणखणीत न येता बद्द येतो. त्यावर पिकअप बदलणे किंवा त्याचे वेटोळे नव्याने गुंडाळणे, हाच उपाय सर्रास योजला जातो. बहुतेक वेळी दोष पिकअपमध्ये नसून त्याला जे जोडले आहे त्यात असतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. जुने वेटोळे एकदा उलगडले की त्याचा मूळ नाद परत मिळवणे अवघड असते.

दोषाचे मूळ

चुंबकीय पिकअपचा पहिला यशस्वी नमुना जॉर्ज बोशँ यांनी १९३१ मध्ये अमेरिकेत तयार केला. त्याचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. मागील तत्त्व फॅरडे यांच्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार कंप पावली की वेढ्यांत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. (पितळी तार लावल्यास वादन जवळजवळ ऐकूच येत नाही, ते याचमुळे.)

या वेटोळ्याचा इंडक्टन्स आणि केबलची धारकता मिळून एक अनुस्पंदी मंडल तयार होते. अनुस्पंदनाच्या वारंवारतेपलीकडील तार स्वर झपाट्याने क्षीण होतात. उदाहरणार्थ, ४ हेन्री इंडक्टन्सचा पिकअप घेऊ. त्याची स्वतःची धारकता १५० पिकोफॅरड आणि केबलची दर मीटरला १०० पिकोफॅरड धरल्यास, ३ मीटर केबलने ही वारंवारता सुमारे ३,७०० हर्ट्झ येते. १० मीटर केबलने ती २,३५० हर्ट्झपर्यंत उतरते. मिरवणुकीत ध्वनिवर्धक हातगाडीवर किंवा ट्रकवर आणि वादक चालत, तेव्हा लांब केबल ओघानेच येते.

याहून मोठा घात मिक्सरच्या लाइन इनपुटमुळे होतो. गिटारच्या ध्वनिवर्धकाचा इनपुट रोध साधारण १० लाख ओहम असतो. लाइन इनपुटचा बहुधा १० हजार ओहमच्या आसपास. वेटोळ्याचा रोध ७ हजार ओहम धरल्यास वरील पिकअपचा आवाज ७०० हर्ट्झच्या आधीपासूनच उतरू लागतो, शिवाय एकूण पातळीही घटते. असा पिकअप नवा असला तरी बद्दच वाजणार.

उपाय

प्रथम तारा बदलाव्यात. हा सल्ला क्षुल्लक वाटेल. पण भाद्रपदातील दमट, खारट हवेत पोलादी तार लवकर गंजते आणि गंजलेली तार वरचे स्वरांश देतच नाही. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर खर्ज फुगतो आणि चुंबकाच्या ओढीने तार बेसूरही होते. गिटारमध्ये २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवून कानाने ठरवावे.

त्यानंतर वाद्याजवळच, लांब केबलच्या आधी, ९ व्होल्ट बॅटरीवर चालणारा बफर बसवावा. त्याचा इनपुट रोध १० लाख ओहम असावा. केबल आणि मिक्सर या दोहोंचा भार त्यामुळे एकदमच टळतो. आवाज आता कानाला बोचू लागला, तर इनपुटला समांतर ३३० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावावा. आवाज कमी करताच चमक जात असेल, तर व्हॉल्यूमच्या पॉटच्या आत येणाऱ्या व मधल्या टोकांमध्ये ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. टोनचा कपॅसिटर बदलण्याचा मात्र हव्यास नको. टोन पूर्ण उघडा असताना त्याने नगण्य फरक पडतो.

एवढे करूनही आवाज सुधारला नाही, तरच मीटरने वेटोळ्याचा रोध मोजावा. तो अपेक्षेपेक्षा बराच कमी भरला, तर काही वेढे आपसांत चिकटले असावेत. अनंत आला, तर तार तुटली आहे. जाड पितळी आवरण असल्यास ते काढून ऐकावे, कारण त्यातील भोवरा-प्रवाह तार स्वर खातात. वेटोळे पुन्हा गुंडाळणे भागच पडले, तर जुनी तार कापून फेकू नये. ती उलगडताना वेढे मोजावेत आणि तारेची जाडी व गुंडाळण्याची दिशा कारागिराने लिहून ठेवावी.