चष्म्याला घर हवं!

दोस्तांनो, तुमच्यापैकी चष्मा कुणाकुणाला आहे? हात वर करा बघू! आता अगदी खरं सांगायचं हं. रात्री झोपताना तुमचा चष्मा कुठे असतो? उशीखाली? खिडकीत? की दप्तरात, जेवणाचा डबा आणि कंपासपेटी यांच्या मधल्या फटीत?

हसू नका. ज्यांना चष्मा नाही त्यांच्या घरात आजी-आजोबा असतीलच. त्यांचा चष्मा बघून या. काचेवर बारीक बारीक रेघा दिसतील. त्या कुठून आल्या? हल्ली बहुतेक चष्म्यांची भिंगं काचेची नसून एका प्रकारच्या प्लास्टिकची असतात. वजनाला हलकी, पडली तरी चटकन फुटत नाहीत, पण काचेपेक्षा मऊ. आणि आपल्या घरातल्या धुळीत वाळूचे अगदी बारीक कण असतात. वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटीचा चुरा, आणि गारगोटी काचेवरसुद्धा ओरखडा काढते. मग बिचाऱ्या प्लास्टिकचं काय! उघडा चष्मा दप्तरात टाकला की प्रत्येक पावलागणिक हे कण भिंगावर घासले जातात. चष्मा शर्टाच्या टोकाने कोरडाच खसाखसा पुसला तरी तेच होतं. म्हणून आधी पाण्याखाली धरायचा, मग मऊ कापडाने टिपायचा.

आमच्या शाळेत डोळ्यांची तपासणी होते, तेव्हा दरवर्षी दोन-चार मुलांना चष्मा लागतो. मागे चौथीतल्या एका मुलीला असाच लागला. फळ्यावरचं स्पष्ट दिसायला लागलं म्हणून पहिला आठवडाभर ती वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करायची. मग एक दिवस दप्तरात पाटी आणि पुस्तकांखाली चष्मा दबला आणि त्याची एक काडी तुटली. वडील रोजंदारीवर. तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार. त्यामुळे तीन आठवडे ती पुन्हा डोळे बारीक करून बसली. हात वर करणंही थांबलं. काडी बदलायला फार पैसे लागत नाहीत हो, पण ज्याच्या घरी दिवसाचा हिशेब दिवसाला होतो, तिथे तेवढंही जड जातं. चष्म्याला एक धड घर असतं, तर हे झालंच नसतं.

तेव्हा आम्ही कार्यानुभवाच्या तासाला चष्म्याचं घर करायचं ठरवलं. तेही चामड्याचं. कागदाचं का नाही? पावसात भिजतं. कापडाचं? त्यावर पुस्तक पडलं की आतला चष्मा दबतो. चामडं मात्र वाकतं, दाब सोसतं आणि नीट राखलं तर वर्षानुवर्षं टिकतं.

आता ही कमाल होते कशी ते ऐका. जनावराचं ओलं कातडं तसंच ठेवलं तर काही दिवसांत सडतं. वाळवलं तर पापडासारखं कडक होतं. ते सडू नये आणि लवचीक राहावं म्हणून त्यावर जी प्रक्रिया करतात, तिला आपल्या मराठीत किती छान शब्द आहे बघा : कातडं 'कमावणं'. पैसा कमवावा, पैलवानाने शरीर कमवावं, तसं कातडंही कमवावं लागतं! आपल्याकडची जुनी रीत म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा. यांच्या अर्कात कातडं कितीतरी दिवस भिजत ठेवतात. साल आणि हिरड्यातलं टॅनिन नावाचं द्रव्य कातड्यातल्या प्रथिनाच्या तंतूंना घट्ट चिकटतं, आणि मग कुजवणाऱ्या जंतूंना ते सहजासहजी खाता येत नाहीत. टॅनिनची चव बघायची आहे? हिरड्याचा एक तुकडा चघळा, नाहीतर बिनदुधाचा कडक चहा घ्या. तोंड आवळल्यासारखं होतं ना? टॅनिन तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटलं! थोडक्यात, तुमची जीभ कमावली जात होती म्हणा ना.

कोल्हापुरी चपला अशाच, झाडपाल्याच्या रसात कमावलेल्या चामड्याच्या असतात. २०१९ साली या चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. चामडं कमावायची दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती झटपट होते आणि चामडं मऊसूत निघतं. पर्सेस, बुटांचे वरचे भाग यांना ते चांगलं. आपल्याला मात्र आकार धरून राहणारं चामडं हवं, म्हणून पहिलंच घ्यायचं. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. सालीत कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी दिसतं, क्रोमच्या चामड्याची कड पुष्कळदा निळसर-करडी असते. आणि पाठीमागे विणलेलं कापड दिसलं, तर ते चामडं नाहीच, रेक्झिन आहे!

आमच्या गटाने बाजारपेठेतल्या चपला शिवणाऱ्या काकांकडून उरलेले तुकडे आणले. ते टेबलावर ठेवले मात्र, दोन-तीन मुलांनी नाकाला रुमाल लावला. एक जण म्हणाला, "बाई, आम्ही नाही हात लावणार याला." चामड्याला वास असतो, खरं आहे. पण तो ज्या सुरात बोलला तो सूर वासाचा नव्हता. तुम्ही आता मोठे होताय, म्हणून स्पष्टच सांगते. कातडं सोलणं, कमावणं, शिवणं ही कामं करणाऱ्या माणसांना आपल्या समाजाने शेकडो वर्षं गावाबाहेर ठेवलं. त्यांनी केलेली मोट, पखाल, ढोल, जोडे सगळ्यांना हवे होते, ती माणसं मात्र शेजाराला नको होती. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. पण घटनेत रद्द झालेली गोष्ट नाकाला लावलेल्या रुमालात कधीकधी उरलेली असते.

मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे आजोबा एस.टी. स्टँडजवळ बसून चपला दुरुस्त करतात. एरवी हे तो कुणाला सांगत नसे. त्याने तुकडा उचलला, वाकवून पाहिला आणि म्हणाला, "हा पोटाकडचा आहे बाई, ताणला जाईल. पाठीचा घ्या." त्या दिवशी पुढचा सगळा तास त्यानेच घेतला. मी आपली फळ्यावर मापं लिहीत होते.

गांधीजींची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे का? दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर राहताना ते चपला करायला शिकले होते. १९१३ साली तुरुंगात असताना त्यांनी चपलांचा एक जोड केला आणि १९१४ साली तो जनरल स्मट्स यांना भेट दिला. कोण हे स्मट्स? ज्यांच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं होतं तेच! स्मट्सनी त्या चपला कितीतरी उन्हाळे वापरल्या आणि १९३९ साली, गांधीजींना सत्तर वर्षं झाली तेव्हा, एवढ्या थोर माणसाच्या चपलांत पाय घालायची आपली योग्यता नाही, असं लिहिलं. बॅरिस्टर माणूस आरी-दोरा हातात घेऊन बसतो, हे तेव्हा पुष्कळांना चमत्कारिक वाटलं असणार.

बरं, आता कामाला लागू या. साहित्य फार नाही. दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा चामड्याचा तुकडा, जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा मऊ कपडा, गव्हाच्या पिठाची खळ, जाड दोरा, दोन जाड सुया, टोचा (मोचीकाकांच्या भाषेत आरी), लोखंडी पट्टी, कटर, पॉलिश पेपर आणि तुमची कंपासपेटी. कापायचं आणि टोचायचं काम करताना घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच. कटर चामड्यावरून सटकतो तेव्हा कुणाचंच ऐकत नाही!

चामड्याला हात लावण्यापूर्वी कागदावर माप काढा. चष्म्याची घडी करा आणि त्याच्या पोटाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा. समजा तो १४ सेंटिमीटर आला. त्यात दोन्ही कडांच्या शिलाईसाठी मिळून एक आणि चामड्याच्या जाडीसाठी एक सेंटिमीटर मिळवा, झाले १६. ही रुंदी. आता लांबी. घडी केलेला चष्मा १३ सेंटिमीटर लांब असेल, तर आणखी ३ मिळवा, कारण घराचा तळ शिवला की तो निमुळता होतो आणि चष्मा अगदी टोकापर्यंत जात नाही. म्हणजे लांबीही १६! या मापाला चौकोनच निघाला. तुमच्या चष्म्याचं माप वेगळं येईल, तेव्हा हेच आकडे डोळे मिटून घेऊ नका. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद त्या मापाने कापून मधोमध दुमडा, कडा स्टेपल करा आणि चष्मा घालून बघा. घट्ट होतोय? आत्ताच कळलं ते बरं. कागद स्वस्त आहे.

मग तो नमुना चामड्याच्या खरबरीत बाजूवर ठेवून पेनाने आखा. लोखंडी पट्टी धरून कटर हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. एका दमात कापायला जाल तर कड वेडीवाकडी होईल. आता घडीच्या रेषेवर ओला स्पंज फिरवा. पाणी साधं घ्या. कढत पाण्याने चामडं आक्रसतं आणि मग कितीही रडलात तरी परत पसरत नाही. ओल धरली की दुमडा, वर दोन-तीन जाड पुस्तकं ठेवा आणि रात्रभर वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी अस्तर. चामड्याची आतली बाजू खरबरीत असते, म्हणून मऊ कापड हवं. खळ पातळ लावा. इथे एक खुबी आहे. चामडं सपाट पसरून अस्तर चिकटवलं, तर घडी घातल्यावर आत चुण्या पडतात. म्हणून चामडं अर्धवट मिटलेल्या पुस्तकासारखं धरूनच कापड बसवायचं. खळ पूर्ण वाळू द्या. ओलसर राहिली तर बुरशी येते.

आता भोकं. कडेपासून ४ मिलिमीटरवर रेघ मारा. कर्कटकाची टोकं ५ मिलिमीटरवर उघडा आणि रेघेवरून त्याला चालवत न्या, एक पाय पुढे, एक पाय मागे. (बाकावर नाव कोरण्यापेक्षा कर्कटकाचा हा उपयोग केव्हाही चांगला.) एक लांब बाजू आणि तळ मिळून २४ सेंटिमीटर शिलाई, म्हणजे साधारण ४८ भोकं. खाली लाकडाचा ठोकळा किंवा जुन्या स्लिपरचा तळवा ठेवून दोन्ही पदरांतून आरपार टोचा. आरी सरळ उभी धरा, नाहीतर मागच्या बाजूची भोकं वाट चुकतात.

दोरा शिलाईच्या चौपट आणि वर वीतभर, म्हणजे सव्वा मीटर घ्या. गोधडीचा जाड सुती दोरासुद्धा चालतो. मधमाश्यांच्या मेणावरून तो दोन-तीनदा ओढून घ्या, म्हणजे पिळ सुटत नाही आणि टाका जागच्या जागी बसतो. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई. सुयांची टोकं आधी दगडावर घासून बोथट करायची! ही युक्ती आमच्या त्या मागच्या बाकावरच्या मास्तरांची. भोकं आधीच पाडलेली असतात, मग टोकदार सुईचं कामच काय? उलट ती दोऱ्यातच घुसते नाहीतर बोटात.

पहिल्या भोकातून दोरा घालून दोन्ही बाजूंना सारखा करा. पुढच्या भोकातून आधी डावीकडची सुई उजवीकडे काढा, मग त्याच भोकातून उजवीकडची डावीकडे. दोन्ही दोरे एकदम ओढा. पुन्हा पुढचं भोक. क्रम बदलू नका, म्हणजे टाके एका रांगेत पडतील. शिवणयंत्रावर वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकतात, त्यामुळे एक तुटला की शिवण उसवत जाते. इथे दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार गेलेले असतात. एक टाका झिजून तुटला, तरी दुसरा दोरा पकडून ठेवतो. घोड्याचं खोगीर असंच शिवतात. धावत्या घोड्यावर शिवण उसवून कसं चालेल? शेवटी तीन टाके उलटे घालून मागे या आणि दोरा कापा.

आमच्या वर्गात पहिल्या दहा भोकांना जवळजवळ अर्धा तास लागला. उरलेली अडतीस त्याहून थोड्या जास्त वेळात झाली. हाताला एकदा चाल सापडली की झालं. रुमालवाला मुलगा कुठे होता विचाराल, तर दोन्ही गुडघ्यांत चामडं धरून जीभ बाहेर काढून शिवत होता.

शिवून झालं की कडा पॉलिश पेपरने एकसारख्या करा. मग बोटाने थोडं पाणी लावून काचेच्या बाटलीने कड जोरात घासत राहा. सुटे तंतू बसतात आणि कड चकचकीत होते. वरच्या तोंडाला अंगठा जाईल एवढी अर्धचंद्राकार खाच कापलीत, तर चष्मा काढायला सोपं जाईल. बाहेरून एरंडेलाचं बोट फिरवा, पण थेंबभरच. रंग थोडा गडद होईल, तो तसाच राहतो.

पावसाळ्यात घरावर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका. कोरड्या फडक्याने पुसा आणि वाऱ्यावर सावलीत ठेवा. उन्हात मात्र नको, चामडं तडकतं. आणि कापताना उरलेल्या पट्ट्या फेकू नका. किल्लीला अडकवायला त्या चांगल्या होतात, शिवायचा सरावही त्यांच्यावरच करायचा.