डीडीआर-4 भरायची की डीडीआर-5? रॅमच्या बाजाराचा दुकानदारी हिशोब

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या दुकानदारांचा सध्या एकच प्रश्न आहे: "सर, रॅमचे भाव एवढे का वाढले? आणि आता कोणती भरून ठेवू?" व्हिडिओत थोडक्यात बोललो होतो, इथे नीट हिशोब मांडतो.

भाव का वाढले?

आपल्या भाषेत सांगतो. शेतकऱ्याकडे रान तेवढंच असतं. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, मग त्याच रानात हरभरा घेता येतो. हळद मात्र आठ-नऊ महिने रान अडवते. हळदीला भाव आला की लोक हळद लावतात आणि तेवढं सोयाबीन कमी होतं.

रॅमचं तसंच आहे. जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरला एचबीएम नावाची मेमरी लागते, चिपवर चिप रचलेली. मायक्रॉननेच सांगितलंय की तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर-5 पेक्षा एचबीएमला साधारण तिप्पट वेफर लागतात. म्हणजे ही हळद झाली! पैसा तिकडे जास्त, म्हणून कारखान्याचं रान तिकडे वळलं. 3 डिसेंबर 2025 ला तर मायक्रॉनने क्रुशियल ब्रँडचा किरकोळ ग्राहकांचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं.

जुन्या डीडीआर-4 चं उत्पादनही कंपन्यांनी कमी करायला घेतलं. त्यामुळे 2025 च्या मध्यात घाऊक बाजारात डीडीआर-4 च्या काही चिप नव्या डीडीआर-5 पेक्षा महाग झाल्या. जुनं म्हणजे स्वस्त, हा हिशोब इथे चालत नाही.

चांगलं तंत्रज्ञान जिंकतंच असं नाही

2000 साली पेंटियम 4 आला तेव्हा इंटेलने रॅम्बस कंपनीची आरडीरॅम पुढे केली. वेग चांगला, पण किंमत जबरदस्त. रिकाम्या स्लॉटमध्येसुद्धा डमी पट्टी बसवावी लागायची! स्वस्त डीडीआर समोर ती टिकली नाही आणि शेवटी इंटेललाही डीडीआरकडेच यावं लागलं. इंटेलच्याच ऑप्टेन मेमरीचं तसंच झालं. 2022 मध्ये तो धंदा गुंडाळला.

म्हणून कागदावरचा वेग बघून माल भरू नका. गिऱ्हाइकाकडे कोणता बोर्ड आहे, ते बघा.

आपल्या गावात काय चालेल?

- डीडीआर-3: इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतची मशीन. नवा माल भरू नका. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि ही मशीन विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा मशीनवर जास्त खर्च करायला गिऱ्हाइकाला लावू नका.
- डीडीआर-4: सेतू केंद्र, झेरॉक्सवाले, फोटो स्टुडिओ, एमएस-सीआयटीची लॅब. इथे दुरुस्तीची मागणी अजून बरीच वर्षं राहील. थोडा माल हाताशी ठेवा.
- डीडीआर-5: एएमडीच्या एएम5 बोर्डाला हीच लागते. इंटेलच्या 12 ते 14 पिढीत बोर्डाप्रमाणे 4 किंवा 5. नवीन मशीन विकताना पुढचा विचार करून हीच द्या, पण ऑर्डर आल्यावर मागवा.

लक्षात ठेवा, डेस्कटॉपच्या दोन्ही रॅमला 288 पिना असतात, पण खाचेची जागा वेगळी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आधी बोर्डाचा मॉडेल नंबर विचारा, मगच भाव सांगा.

नफा कसा मोजायचा?

समजा, 2,000 ला घेतलेली रॅम तुम्ही 2,300 ला विकली. 300 सुटले असं वाटतं. पण तीच रॅम परत भरायला 2,800 लागले, तर 500 खिशातून घालावे लागतील. म्हणजे माल विकला आणि भांडवल आटलं. चढत्या बाजारात भाव ठरवताना खरेदीचं बिल बघू नका, आज नांदेडहून किंवा हैदराबादहून माल कितीला मिळतोय ते बघा.

1. कोटेशनवर "भाव 3 दिवसांपुरता" असं लिहाच. शाळा किंवा ग्रामपंचायतीचं कोटेशन असेल तर विशेष.
2. ऑर्डरसोबत ॲडव्हान्स घ्या. रॅमवर उधारी नको.
3. जुनी काढलेली रॅम विकत असाल तर बिलावर "वापरलेली" लिहा आणि टेस्टिंगची वॉरंटी द्या.
4. मशीन हळू चालतं म्हणून कोणी आलं, तर आधी हार्ड डिस्क आहे का बघा. 8 जीबी रॅम असेल तर बऱ्याचदा एसएसडी टाकूनच काम होतं.

मग साठा करून ठेवू का?

नको! हा बाजार चढतो तसा आपटतोही. 2018 ला भाव वर होते, 2019 ला पडले. 2023 मध्ये तर एसके हायनिक्स आणि मायक्रॉनसुद्धा तोट्यात होत्या. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जमलं नाही, ते व्याजाने पैसे काढून आपण का करायचं? महिनाभर पुरेल एवढाच माल ठेवा आणि दर आठवड्याला भाव तपासा.

या आठवड्यात एकच काम करा: मागच्या सहा महिन्यांची बिलं काढा आणि डीडीआर-3, 4, 5 किती-किती विकल्या ते वहीत लिहा. पुढची खरेदी त्या आकड्यावर करा. तुमचे आकडे काय आले, ते मला नक्की कळवा.