हॉर्नबी रोडच्या कमानी

मुंबईच्या किल्ल्याचा तट सर बार्टल फ्रियर यांच्या अमदानीत जमीनदोस्त झाल्यावर बोरीबंदर ते फ्लोरा फाउंटन हा जो हॉर्नबी रोड रुंद होऊन नव्या वैभवाने उभा राहिला, त्यावरील प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची सावलीची वाट राखलीच पाहिजे, असा दंडक 1896 साली घातला गेला. आणि म्हणूनच एक वास्तू गॉथिक तर शेजारची नवअभिजात घडणीची असूनही तो सबंध रस्ता एकाच हाताने रचल्यासारखा भासे.

पुढे दादाभाई नौरोजींचे नाव लाभलेल्या या मार्गाची जी अवनती झाली, तिचा दोष केवळ दुकानदारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला डागडुजीचा खर्च परवडेना, पागडी देऊन आत आलेला भाडेकरू ती जबाबदारी आपली मानीना. मोठ्या कचेऱ्या आधी नरिमन पॉइंटला आणि मागाहून वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या, आणि मागे उरलेल्या व्यापाऱ्यांची गिऱ्हाईक ओढण्याची धडपड पाट्यांच्या आकारात उतरत गेली, ती इतकी की पाट्यांखाली कमानी दिसेनाशा झाल्या.

1995 साली बृहन्मुंबईची वारसा नियमावली अमलात आली. देशातील ही पहिलीच नियमावली असल्याने तिचे श्रेय मोठे आहे. तथापि यादी आणि प्रतवारी ठरल्याने दुकानावरची पाटी खाली उतरत नाही. ती उतरली त्या शतकाच्या अखेरीस, वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी मुंबई महानगर प्रदेश वारसा जतन संस्थेच्या साहाय्याने रस्त्याच्या दर्शनी भागाचा अभ्यास करून पाटी कमानीच्या आत कशी बसवावी याची मार्गदर्शिका सिद्ध केली आणि पालिकेच्या वॉर्ड अधिकाऱ्यांसह दुकानदारांची मनधरणी केली तेव्हा. व्यापाऱ्यांनी नव्या पाट्यांचा खर्च स्वतः सोसला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते; कारण ज्याने पदरचे पैसे घातले, तो दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची पाटीही निरखू लागतो, आणि हे काम कोणत्याही निरीक्षकाच्या आवाक्यातले नाही.

याच सुमारास, 1998 मध्ये, जवळच्याच काळा घोडा भागात काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली व पुढल्याच वर्षी तिचा विनामूल्य कलामहोत्सव सुरू झाला. दरवर्षी भरणाऱ्या या मेळ्याच्या मिळकतीतून परिसरातील वास्तूंच्या जतनाला हातभार लागला. 1882 च्या बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ-कारंज्याचा जीर्णोद्धार हे त्याचे ठळक उदाहरण. मात्र गर्दी जमल्याने धंदा तरतोच असे नाही: जहांगीर कलादालनातले समोवार हे उपाहारगृह 2015 मध्ये आणि समोरचे र्‍हिदम हाउस हे संगीताचे दुकान 2016 मध्ये बंद झाले.

हॉर्नबी रोडच्या जतनासाठी झालेल्या भागीदारीची माझ्या दृष्टीने खरी उणीव वेगळीच आहे. मालक, भाडेकरू, वास्तुविशारद, पालिका या सर्वांना मसलतीत स्थान मिळाले. परंतु त्याच कमानींच्या सावलीत वर्षानुवर्षे पुस्तके, पट्टे, घड्याळे विकणारा फेरीवाला मात्र हटवावयाचा अडथळा म्हणूनच गणला गेला. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीवर किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावेत, असे ठरविले आहे. अशा रस्त्यांच्या संघटनांनीही आपल्या सभेत फेरीवाल्याला, निदान त्या प्रमाणात, बसवून घ्यावे.