वेबसाइट स्लो झाली? होस्टिंग बदलण्याआधी हे तपासा



जाहिरातीवर पैसे खर्च करून ग्राहक वेबसाइटवर आणायचा आणि पान उघडेपर्यंत कंटाळून त्याने निघून जायचं, हे नुकसान हिशोबाच्या वहीत कुठेच दिसत नाही. अशा वेळी बरेच जण थेट महागडं होस्टिंग घेतात. थांबा! आधी तपासणी, मग औषध. तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर या क्रमाने चला.

१. नेमकं काय स्लो आहे?
ग्राहकाला दिसणारं पान, की तुम्ही लॉगिन करता तो डॅशबोर्डसुद्धा? फक्त पान स्लो असेल तर बहुधा जड फोटो, स्लायडर किंवा थीम. दोन्ही स्लो असतील तर संशय प्लगइन, डेटाबेस आणि सर्व्हरवर.

२. मोजा
गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे. पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल बघा, कारण आपला ग्राहक बहुतेकदा मोबाइलवरच असतो. त्यात ‘एलसीपी’ म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ. तो २.५ सेकंदांच्या आत हवा. आकडा लिहून ठेवा.

३. फोटो हलके करा
मोबाइलवर काढलेला फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. तो तसाच चढवू नका. आधी लहान करा, वेबपी फॉरमॅटमध्ये बदला. वर्डप्रेस ५.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, हा फॉरमॅट चालतो.

४. दोषी प्लगइन शोधा
प्लगइन किती आहेत यापेक्षा कोणतं जड आहे हे महत्त्वाचं. आधी बॅकअप घ्या. मग ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ हे मोफत प्लगइन टाका. त्याच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये सगळे प्लगइन फक्त तुमच्यापुरते बंद होतात, ग्राहकाला साइट नेहमीसारखीच दिसते. आता एकेक चालू करत जा. ज्याच्यानंतर साइट रखडते, तोच आपला चोर. नको असलेले प्लगइन नुसते बंद ठेवू नका, काढूनच टाका.

५. पीएचपी बघा
‘टूल्स’मध्ये ‘साइट हेल्थ’ उघडा. पीएचपीची आवृत्ती जुनी असेल तर तिथे सूचना दिसते. होस्टिंगवाल्यांना सांगून ती बदलून घ्या. मात्र तुमची थीम आणि प्लगइन नव्या आवृत्तीवर चालतात ना, हे आधी विचारा.

६. कॅशिंग शेवटी
कॅशिंग प्लगइन तयार पानाची प्रत ठेवून ग्राहकाला पटकन दाखवतं. एकच वापरा, दोन एकमेकांत अडकतात. पण डॅशबोर्ड, कार्ट आणि पैसे भरण्याचं पान याने वेगवान होत नाही. म्हणजे मूळ दुखणं राहिलं, तर ग्राहक नेमका पैसे देताना अडकतो!

प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजा, आणि एका वेळी एकच बदल करा. एवढं करूनही सर्व्हरच उत्तर द्यायला वेळ लावत असेल, तर होस्टिंग जरूर बदला. तेव्हा तो खर्च अंदाजाने नाही, हिशोबाने केलेला असेल.

आज फक्त दुसरी पायरी करा. पाचच मिनिटांचं काम आहे!